बरोबर गेलेल्या माणसाचं रुळणं

सातपूर, अंबड, गोंदे या पट्ट्यातल्या कारखान्यांमधून इंजिनिअर लोक दोन-तीन वर्षांसाठी परदेशी पाठवले जातात, हे नाशिकमध्ये आता कोणाला नवीन राहिलेलं नाही. माझ्या नवऱ्याची बदली जर्मनीत स्टुटगार्टला झाली तेव्हा आमची लेक अडीच वर्षांची होती आणि मी कॉलेज रोडच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. करार तीन वर्षांचा होता, तो पूर्ण करून आम्ही परत आलो. आता लोक नवऱ्याचं काम विचारतात, पगार विचारतात, कुठे कुठे फिरलात ते विचारतात. मला लिहायचं आहे ते बरोबर गेलेल्या माणसाबद्दल, म्हणजे ज्याला 'कुटुंबीय' म्हणून व्हिसा मिळतो त्याच्याबद्दल. बहुतेक वेळा ती बायको असते, हल्ली क्वचित नवराही असतो. त्याचं रुळणं हे एक काम आहे, त्याला टप्पे आहेत, आणि ते एकट्याच्या अंगावर टाकून देऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

निघण्याआधी कंपनीने नवऱ्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. जर्मन सहकारी मीटिंगमध्ये तोंडावर उणीव दाखवतात, त्यात राग नसतो. नऊ म्हणजे नऊ. 'बघतो, करतो' असं म्हटलं की ते त्याला होकार समजतात आणि तारीख लिहून घेतात. सगळं उपयोगी होतं, तो अजूनही त्याचं नाव काढतो. जोडीदारांना मात्र या प्रशिक्षणाचं बोलावणं नव्हतं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या युरोपातल्या नोकरीच्या परवान्यावर, जाणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे नोकरी करायची मुभा पहिल्यापासून असते. मुंबईला कागद देऊन परत येताना कसारा घाटात आम्ही याच्याच आनंदात होतो. मुभा खरी होती. पण परीक्षेची सक्ती नाही म्हटल्यावर मला भाषा शिकवायची जबाबदारीही कोणाची राहिली नाही. सासूबाई म्हणाल्या, "तिथे गेल्यावर येते आपोआप." लहान मुलांना येतेही. मोठ्यांना ती बसून शिकावी लागते, आणि बसायला कोणीतरी तास मोकळे करून द्यावे लागतात.

एप्रिलमध्ये पोहोचलो. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंदणी करायची असते. ती झाली की टॅक्सचा नंबर, बँक, विमा हे एकामागून एक हलायला लागतं. नवऱ्याच्या आरोग्य विम्यात मी आणि लेक जादा हप्ता न भरता आलो. टपालपेटीवर आमचं आडनाव लावून घेतलं, कारण पेटीवर नाव नसेल तर पत्र घरापर्यंत येत नाही. या सगळ्यासाठी कंपनीने नेमलेली एक बाई बरोबर यायची, कामाला अतिशय चोख. ज्या ज्या गोष्टीला फॉर्म होता ती ती गोष्ट महिन्याभरात मार्गी लागली.

उन्हाळा सुरेख गेला. रात्री नऊपर्यंत उजेड, पायऱ्या-पायऱ्यांचे रस्ते, आणि शहराच्या आतच डोंगरउतारावर द्राक्षमळे. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. आम्ही राहायचो त्या बाड कानश्टाट भागात नेकार नदीच्या कडेने वर चढलं की वेली सुरू व्हायच्या. वडिलांना व्हिडिओ कॉलवर मी त्या दाखवायचे. "मांडव नाही?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग खोड किती जाड आहे ते जवळून दाखव, तार कितव्या फुटावर आहे ते बघ. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा दोन. तिथे वेल हिवाळाभर झोपते आणि हिवाळा सरता सरता एकदाच छाटतात, याचं त्यांना फार नवल वाटलं. ऑक्टोबरात मळे पिवळे झाले, मग पार उघडे पडले. इकडे बागेत नवी फूट निघत होती.

त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे घेतात. नाशिकशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर साडेचार तासांचं होतं. लेकीला झोपवून मी मोकळी होईपर्यंत इकडे सगळे झोपलेले असायचे. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडायचा. मला काय होत होतं ते मी तेव्हा वहीत लिहून ठेवलंय. टपाल आलं तरी उघडायचं नाही, नवरा आला की त्याच्यासमोर ठेवायचं. बेकरीच्या दारात उभं राहून वाक्य मनातल्या मनात जुळवायचं, आणि आतल्या बाईने पुढचा प्रश्न विचारला की गप्प व्हायचं. फोडणीचा धूर पॅसेजमधल्या अलार्मपर्यंत पोहोचेल या धास्तीने आठवडाच्या आठवडा साधं वरण-भात आणि दही. दुपारी लेक झोपली की मीही झोपायचे आणि उठायचे ती मान आखडूनच. इथे रोज दहा-बारा पेशंटशी बोलणारी मी, पण तिथे दिवसच्या दिवस नवरा आणि लेक सोडून कोणाशी शब्द बोललेली नसायचे.

याला नाव आहे हे मला ग्रंथालयात कळलं. स्टुटगार्टचं मध्यवर्ती ग्रंथालय २०११ साली उघडलं, मोठी चौकोनी इमारत, आतून सगळी पांढरी. लेकीला बाबागाडीत घालून मी तिथे जायला लागले, कारण ते उबदार होतं आणि तिथे बसायला कारण सांगावं लागत नव्हतं. तिथेच वाचलं की कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ साली रिओ दि जानेरोच्या एका महिला मंडळात 'कल्चर शॉक'वर भाषण दिलं होतं. ते पुढे १९६० साली छापलं गेलं. त्यात लक्षणं दिली आहेत: हात सतत धुणं, पाण्याची-जेवणाची अवाजवी काळजी, किरकोळ उशिरावरून भडकणं, आपल्या देशाच्या जुन्या रहिवाशांवर टेकून राहावंसं वाटणं, तिथली भाषा शिकायची टाळाटाळ, घरी जायची ओढ. माझ्या वहीतलं अर्धं त्यात होतं. परदेशी आलेल्या बायकांसमोर हा माणूस सत्तर वर्षांपूर्वी हे मोकळेपणाने बोलला होता, आणि आमच्या बदलीच्या फाइलमध्ये त्याला एक ओळही नव्हती, याचा मला त्या दिवशी संताप आला.

मग मी वाचतच गेले. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ साली अमेरिकेत राहून आलेल्या दोनशेवर नॉर्वेजियन शिष्यवृत्तीधारकांचा अभ्यास मांडला होता. सहा महिन्यांहून कमी राहिलेले बरे होते, दीड वर्षाहून जास्त राहिलेलेही बरे होते, मधले सगळ्यात कमी रुळलेले होते. ही उतरती-चढती रेघ सगळ्यांनाच लागू पडते असं पुढच्या अभ्यासांत दिसलेलं नाही, पण मला त्या डिसेंबरात तिचा फार आधार वाटला. आणि १९८१ साली व्यवस्थापनाच्या अभ्यासक रोझली टुंग यांनी अमेरिकी कंपन्यांची पाहणी केली होती, ती मी नवऱ्याला वाचून दाखवली. परदेशी पाठवलेल्या माणसाचं तिथे बस्तान का बसत नाही, तर कारणांच्या यादीत पहिलं कारण होतं जोडीदाराला रुळता न येणं. दोन दिवसांचं प्रशिक्षण कोणाला द्यायला हवं होतं, ते या एका ओळीत आहे.

अडचणीची गाठ अशी होती: लेकीला बालवाडीत जागा मिळेपर्यंत मला भाषेच्या वर्गाला जाता येत नव्हतं, आणि भाषा आल्याशिवाय माझ्या कामाचं काही हलणार नव्हतं. जर्मनीत २०१३ पासून एक वर्षावरच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, तरी शहरात जागा अपुऱ्या आणि रांगा लांब. आमचा नंबर फेब्रुवारीत लागला.

तिथे पहिल्या दिवशी मला वर्गात नेऊन कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. नव्या मुलाला रुळवायची त्यांची ठरलेली पद्धत आहे, तिला बर्लिन मॉडेल म्हणतात. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर वर्गातच बसतात. मुलाला खेळायला ढकलायचं नाही, आलं जवळ तर जवळ घ्यायचं, बाकी शांत बसायचं. या तीन दिवसांत आईने खोलीबाहेर जायचंच नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन बाहेर पडायचं, जास्तीत जास्त अर्ध्या तासासाठी, आणि मूल कसं वागतं ते बघून पुढचे दिवस ठरवायचे. एका मुलासाठी एकच ताई नेमलेली असते. कपडे बदलणं, भरवणं, रडलं तर उचलून घेणं हे सुरुवातीला तीच करते, म्हणजे मुलाला एक तरी माणूस पक्कं ओळखीचं होतं.

आमच्या लेकीने पहिले दोन दिवस माझा कुर्ता सोडला नाही. तिसऱ्या दिवशी ताईने तिच्यापासून हातभर अंतरावर बसून लाकडी ठोकळे रचायला घेतले, तिच्याकडे न बघता. बराच वेळ गेला. मग लेकीने एक ठोकळा उचलून ताईच्या मनोऱ्यावर ठेवला आणि धावत माझ्याकडे आली. ताईने मान हलवली आणि स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं. चौथ्या दिवशी मी बाहेर गेले तेव्हा ती रडली, ताईने उचलून घेतल्यावर थांबली, म्हणून पाचव्या दिवशी वेळ वाढवली. सगळं नीट व्हायला दोन आठवडे लागले आणि तोवर कोणी घाई केली नाही. "आमच्याकडे अजून एक मूल आहे, त्याला तीन आठवडे लागले," असं मला इतक्या सहजपणे सांगितलं गेलं की त्यात कमीपणाचा लवलेशही नव्हता.

त्या बुटक्या खुर्चीवर बसून मी जे शिकले ते इतर कुठे शिकले नाही. रुळणं आपोआप होत नाही, ते करवून घ्यावं लागतं, हे या लोकांना लहान मुलाच्या बाबतीत पक्कं ठाऊक होतं. एक ओळखीचं माणूस बरोबर, एक नवं माणूस कायम तेच, वेळ थोडा थोडा वाढवायचा, आणि मूल कसं आहे ते बघून वेग ठरवायचा. मोठ्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही. मी ठरवलं की आपली आपण ही पद्धत लावायची. पहिल्या आठवड्यात ठरलेल्या एकाच बेकरीत, ठरलेल्या वेळी, त्याच बाईकडे. दुसरं दुकान नाही. तिला माझा चेहरा आणि माझं अडखळणं ओळखीचं झाल्यावर मग पोस्ट ऑफिस. मार्चपासून भाषेचा वर्ग सुरू झाला. सरकारी अभ्यासक्रमात ६०० तास भाषेचे आणि १०० तास तिथला इतिहास, कायदा, समाज यांचे. वर्गात सीरियाची एक शिक्षिका होती, ब्राझीलचा एक स्वयंपाकी होता, युक्रेनच्या दोघी बहिणी होत्या. आम्ही सगळेच तोडकंमोडकं बोलायचो, म्हणून कोणालाच लाज वाटत नव्हती.

श्वाबेन भागात, म्हणजे स्टुटगार्टच्या आसपास, केरवोखे नावाची एक रीत आहे. इमारतीतल्या प्रत्येक घराकडे आळीपाळीने एक आठवडा झाडण्याचं काम येतं. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर पाटी लटकते. लहान पाळीत आपल्या मजल्याचा जिना आणि पॅसेज, मोठ्या पाळीत तळघर, कचऱ्याच्या पेट्यांची जागा, समोरचा फूटपाथ, आणि बर्फ पडला तर तोही. पहिल्या वर्षी आमची पाळी आली की नवरा शनिवारी उठून पटकन झाडून टाकायचा. भाषेचा वर्ग सुरू झाल्यावर मी ते काम मुद्दाम माझ्याकडे घेतलं.

खालच्या मजल्यावर एक ऐंशीच्या घरातल्या आजी राहायच्या. मी बादली घेऊन जिन्यात आले तशा त्या दार उघडून बाहेर आल्या. माझ्या हातातला मॉप बघितला, आत जाऊन स्वतःचं फडकं आणून दिलं. वरून खाली यायचं, पायरीचा आतला कोपरा आधी, मग कड, मग कठड्याची खालची बाजू. कठड्याच्या खालच्या बाजूवरून त्यांनी बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट काळं होतं. मी पुन्हा पुसलं. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आता झालं." पाटी काढून पुढच्या घराच्या दारावर लावायची ती रविवारी संध्याकाळी, शनिवारी नाही, हेही सांगितलं. पुढच्या वेळी मी बाहेर आले तर त्या दारात उभ्याच होत्या, बघायला. मग हळूहळू त्या बोलायला लागल्या. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हा जिना पुसतेय, म्हणाल्या.

तोपर्यंत लोक माझ्याशी चांगलेच वागत होते. दार धरून ठेवायचे, बाबागाडी उचलायला मदत करायचे. पण त्या वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडून काहीतरी अपेक्षा करत होतं, आणि ते नीट झालं नाही तर सांगत होतं. पाहुण्याला कोणी असं सांगत नाही. मला त्या इमारतीत राहतेय असं वाटायला लागलं ते त्या कठड्यापासून. परदेशी रुळायचं असेल तर नुसतं स्वागत पुरत नाही, एखादं बारीकसं का होईना पण रीतसर अंगावर आलेलं काम लागतं.

कामाचं मात्र अर्धवटच राहिलं, आणि याची खंत आजही आहे. जर्मनीत फिजिओथेरपिस्ट हे नाव कायद्याने राखीव आहे, परवान्याशिवाय लावता येत नाही. परवान्यासाठी पदवीची बरोबरी तपासतात. तिथलं शिक्षण तीन वर्षांचं, बहुतेक ठिकाणी व्यावसायिक शाळेतलं: २९०० तास वर्गातले आणि १६०० तास रुग्णालयातले. माझी पदवी साडेचार वर्षांची होती, इंटर्नशिप धरून. तरी ते वर्षं मोजत नाहीत, विषयवार तास मोजतात. आपलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे, म्हणून माझा भाऊ तिथे जाऊन अभ्यासक्रमाचे शिक्क्यासकट कागद घेऊन येऊ शकला. नागपूर-कोल्हापूरच्या मैत्रिणींना तेवढ्यासाठी रजा काढून नाशिक गाठावं लागलं असतं. मग सगळ्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन. उत्तर आलं त्यात दोन विषयांत तास कमी दाखवले होते, मसाज आणि जलोपचार. खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कानश्टाटमध्ये बसून मी ते पत्र वाचलं. तास भरून काढायला एक पूरक अभ्यासक्रम करायचा किंवा परीक्षा द्यायची, आणि शिवाय भाषा बी-टू पातळीची, म्हणजे कामावर न अडखळता बोलता-लिहिता येण्याइतकी. भाषा झाली, एका प्रॅक्टिसमध्ये मदतनीस म्हणून कामाला लागले, अभ्यासक्रमाची जागा मिळाली, आणि तेवढ्यात करार संपत आला. नवऱ्याची मुदत आणि माझ्या परवान्याची मुदत यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तीन वर्षांची बदली ठरवताना टेबलावर फक्त पहिली होती.

परत येण्याबद्दल कोणी काहीच शिकवत नाही. नवऱ्याच्या कंपनीने सामान आणलं, तिकिटं दिली. घरी परतायचं त्यात काय शिकवायचं, असं सगळे धरून चालतात. गुलाहॉर्न या संशोधक पती-पत्नींनी १९६३ सालीच मांडलं होतं की परदेशातली उतरती-चढती रेघ मायदेशी आल्यावर पुन्हा एकदा तशीच निघते. माझ्या कामात मी हे रोज बघते. प्लास्टर काढलं की पेशंटला वाटतं आता बरं झालं, पण सांधा सगळ्यात जास्त आखडलेला असतो तो त्याच दिवशी. चालायला लावलं की तो चिडतो, कारण पाय त्याचाच आहे.

जूनमध्ये आलो. पाऊस लांबलेला, सिंहस्थाच्या कामांनी रस्ते जागोजागी खोदलेले. लेक साडेपाच वर्षांची झाली होती. कॉलेज रोडला झेब्रा पट्ट्यांपाशी ती थांबली आणि गाड्या थांबायची वाट बघत राहिली. मी हात धरून ओढलं तर म्हणाली, "अजून ते थांबले नाहीत." तिला हात पुढे करून, गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघत, न थबकता चालायला शिकवायला कित्येक आठवडे गेले. पाहुण्यांनी गाल ओढला की ती खोलीत निघून जायची. शेजारच्या काकू न सांगता आल्या की मला विचारायची, "यांचं आज ठरलं होतं का?" सासूबाईंना ते लागायचं. मराठी तिला सगळं समजायचं, पण बोलताना क्रियापद शोधायला थांबायची, आणि तेवढ्यात समोरचं माणूस तिचं वाक्य पूर्ण करून टाकायचं. त्यामुळे ती बोलेनाशी झाली.

तेव्हा मी ती खुर्ची आठवून कामाला लागले. सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं: रोज संध्याकाळी अर्धा तास फक्त तुम्ही आणि ती, मी त्याच खोलीत बसणार पण मधे पडणार नाही, तिने वाक्य पूर्ण करेपर्यंत थांबायचं, कितीही वेळ लागला तरी. त्यांनी शेंगा निवडायचं काम घेतलं. दोघी समोरासमोर ताट ठेवून बसायच्या. सासूबाईंना गप्प बसणं अतिशय जड गेलं, पण त्यांनी ते केलं, आणि त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. काही दिवसांनी मी खोलीतून उठून गच्चीत जायला लागले. शाळेतही विचारलं की पहिले तीन दिवस मला वर्गात बसू द्याल का. पालकांनी फाटकाच्या आत यायचं नाही असा नियम होता. मुख्याध्यापिकांशी बोलून ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली. वर्गशिक्षिकेने मधल्या सुट्टीत लेकीला बाकापर्यंत आणून दाखवलं, तेवढं पुरलं. पुढे तिने स्वतःच सांगितलं, उद्या नको येऊस.

माझं स्वतःचं जास्त अवघड गेलं. पेशंट अर्धा तास उशिरा आला की छातीत धडधड व्हायची. घरात कोणीही कुठल्याही खोलीत कधीही यायचं. तिथे मोकळा वेळ खायला उठला होता, इथे आल्यावर तोच मिळेना. जुन्या मैत्रिणींना स्टुटगार्टचं पहिल्या दोन-चार वाक्यांपलीकडे ऐकायचं नसायचं, आणि त्यांच्या तीन वर्षांतलं मला ठाऊक नव्हतं. नवऱ्यालाही ऑफिसात त्रास झाला. तो जे शिकून आला होता ते वापरायला जागाच नव्हती, त्याचं आधीचं काम दुसऱ्याकडे गेलेलं आणि नवं काम ठरलेलं नाही. पण त्याच्याकडे निदान रोज जायला एक इमारत होती. मी दिवाळीपर्यंत कुठलाही मोठा निर्णय घेतला नाही. सकाळचे चार तास एका क्लिनिकमध्ये, बाकी घर. हळूहळू तास वाढवले.

हल्ली ओळखीतून ओळखी निघून निघायच्या तयारीत असलेल्या बायका माझ्याकडे येतात, एकदा एक नवराही आला, त्याच्या बायकोची स्वीडनला बदली झाली होती. त्यांना मी जे सांगते ते इथे लिहिते. तारीख आपल्या हातात असेल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, म्हणजे अंधार पडायच्या आत सहा महिने हातात मिळतात. भाषेचा वर्ग नाशिकमध्ये असतानाच सुरू करा, परीक्षा लागत नसली तरी, आणि त्याची फी आणि तिकडच्या वर्गाचे तास कंपनीकडून करारात लिहून घ्या. जोडीदाराचा व्यवसाय तिकडे परवान्याचा आहे का, असेल तर किती महिने लागतात, हे बदलीला हो म्हणायच्या आधी बघा, नंतर नाही. नोकरीची मुभा आणि आपल्याच व्यवसायात काम करायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकडची मराठी कुटुंबं पहिल्या हिवाळ्यात लागतातच, गणपतीत तर फार लागतात, पण आठवड्यातला एक दिवस तरी असा ठेवा की मराठी अजिबात बोलली जाणार नाही. आणि शेजारी एखादं काम अंगावर टाकत असेल तर ते नवऱ्याकडे ढकलू नका.

परतीचं बोलणं करार करतानाच करून घ्या: आल्यावर नवऱ्याचं पद काय, मुलाच्या शाळेसाठी मदत कोण करणार, जोडीदाराचं अर्धवट शिक्षण असेल तर मुदत वाढवता येईल का. मुलाच्या तिकडच्या शाळेकडून आणि तुमच्या कामाच्या ठिकाणाहून लेखी दाखले निघण्यापूर्वी महिनाभर आधी मागा. लसीकरणाची पिवळी पुस्तिका आणि हे दाखले हातातल्या बॅगेत ठेवा. जहाजाने येणारं सामान पोहोचायला वेळ लागतो, आणि जूनमध्ये शाळा सुरू झालेल्या असतात.